भिंतीवर लावतो म्हणून नेलेली वाकळ

नांदेडच्या स्टँडवर कंधारच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी एक आत्या आणि तिची भाची बसलेली. आत्याच्या मांडीवर हातानं शिवलेली वाकळ.

“नागुआत्या, भर प्रदर्शनात वाकळ ओढायची काय गरज होती? अध्यक्ष पडले असते ना!”

“मग माझ्या वाकळीवर बसले कशाला?”

“पोरांना वाटलं बैठकीचीच हाय. अंथरली गादीवर.”

“भिंतीवर लावतो म्हणून नेली ना? त्या चित्रवाल्यांची चित्रं अंथरली का कोणी बुडाखाली?”

“न्हाई.”

“आन् वरून माईक घेऊन काय बोलून राहिला तो? गावच्या कलेला मान द्या म्हणे! माझ्याच वाकळीवर बसून!”

“आत्या, हळू. लोक बघून राहिलेत.”

“बघू दे! डोळे फोडून टाके घातले म्या!”

“आयोजकांनी माफी मागितली ना पण?”

“कोणाची? त्या अध्यक्षाची! माझ्याकडं बघितलं बी न्हाई कोणी.”

तेवढ्यात गाडी लागली.

“चला आत्या. लई गर्दी हाय. वाकळ सीटखाली सरकवा, म्हणजे नीट बसता येईल.”

“खाली? ज्योत्स्ना, तू बी खालीच?”