साहेबांची पाच मिनिटं

नाही नाही, ती ओळ सोडून बाकी काहीही पुसा. — अहो, वाचता येतं मला, मीच लिहिली आहे ती. 'पाच मिनिटं थांब, मग साहेबांचं खातं उघड.' हो, मुद्दाम! चुकून कोण कुणाला पाच मिनिटं ताटकळत ठेवतं? बसा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय गेलाय, स्टुलावर बसा. तुम्ही नवं मशीन बसवायला आलात, जुनी स्क्रिप्ट, मशीनच्या सकाळच्या कामांची माझी यादी, वाचणार, प्रश्न पडणार, आणि मग तो अहवालात लिहिणार — त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

सकाळी बटण दाबलं की हे मशीन काय करतं? घरातली बाई उठल्या उठल्या करते तेच. आधी डिस्क बघायची — कुठे काही सांडलंय का, फुटलंय का. मग कालचा कचरा काढायचा. मग प्रिंटरला उठवायचं — तो काही पहिल्या हाकेला ओ देत नाही. आणि मग चौदा माणसांची चौदा खाती, एकेकाला दार उघडायचं. सगळ्यात शेवटी काय? आदल्या संध्याकाळी लिहिलेली पत्रं मुख्य कार्यालयाला रवाना. बारा वर्षांपूर्वी मी आले तेव्हा साहेबांचा हुकूम होता — माझं खातं आधी, बाकीच्यांची पाच मिनिटांनी. का? तर त्या पाच मिनिटांत हे सगळ्यांच्या नावापुढे 'उशिरा हजर' मारून मोकळे! स्वतःच दार लावून घ्यायचं आणि वर विचारायचं, आत का नाही आलात — चोराच्या उलट्या बोंबा. मी महिनाभर बघितलं आणि एका सकाळी दोन ओळींची अदलाबदल केली. साहेब लालबुंद होऊन इथे आले. मी म्हटलं, साहेब, तुमचं खातं वजनदार, तपासायला वेळ लागणारच. झालं! माणूस असा फुलला की विचारू नका. अजून पाहुण्यांना सांगतात, माझ्या खात्याला वेळ लागतो, फार आहे त्यात. काय आहे? पत्त्यांचा खेळ आणि गाडीच्या पेट्रोलचा तक्ता.

तेवढंच असतं तर मी तुम्हाला बसवलं नसतं. — पाणी घ्या ना. — एका सकाळी, साहेबांची पाच मिनिटं चालू असताना, मी जायची पत्रं बघत होते. अडकतात कधीकधी, बघावी लागतात. वाचत नाही हो मी! विषय दिसतो. विषय होता, पॅकिंग कारकुनास कामावरून कमी करणेबाबत. मग वाचलं. पंपाचे तीन खोके भलत्या गावाला गेले होते, ते खरं. पण पत्ता कुणी टाइप केला होता? साहेबांनी! कारकुनाने बिचाऱ्याने समोर आला तो पत्ता चिकटवला. मी काय केलं? पुसलं पत्र. साहेबांनी चार दिवस उत्तराची वाट बघितली, पुन्हा लिहिलं — पुन्हा पुसलं. तिसरं जरा कडक होतं, त्याला मीही जरा घाबरले, पण हात गेलाच. शेवटी साहेब वैतागले, वरच्यांना कशाचं काही पडलेलं नाही म्हणाले, आणि स्वतःची फजिती झाकायला कारकुनाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं — जा, माफ केलं तुला.

तो रडत बाहेर आला, पहिली मीच दिसले, मलाच सांगितलं सगळं. मग रोजच काही ना काही सांगायला लागला. — आँ? नाही हो, पत्र पुसताना तसलं काही नव्हतं मनात. अजिबात नव्हतं. बरं, थोडं होतं. त्याची पॅकिंगची गाठ फार सुबक असते, एवढंच. — पुढच्या वर्षी लग्न झालं. आणि आता ऐका शिक्षा. आमच्या लग्नाचा फोटो आहे ना घरात, त्यात मधोमध साहेब, नवरा त्यांच्या बाजूला आणि मी कडेला, अर्धी कापलेली. दहा वर्षं जेवताना ऐकतेय, साहेब देवमाणूस, साहेबांनी मला वाचवलं, साहेबांसारखं मन हवं. आणि मी म्हणते, भाजी वाढू का?

सांगितलं का नाही? काय सांगू? की तुमच्या देवाने तीनदा तुमच्या पोटावर पाय आणला होता? ज्या माणसाला जगात एक तरी साहेब चांगला आहे असं वाटतं, त्याच्याकडून तेही काढून घेऊ? आणि खोटं कशाला बोलू, भीती वाटते — त्याला माझाच राग आला तर? दहा वर्षं गप्प बसलीस म्हणाला तर? म्हणून म्हणते, नव्या मशीनमध्ये ती ओळ तशीच घाला, कारण विचारलं तर तांत्रिक म्हणून लिहा, आणि हे या खोलीच्या बाहेर —

अहो! तुम्ही कधी आलात? — चष्मा आणलात होय, विसरलेच होते मी घरी. द्या. — किती वेळ उभे आहात दारात? — असे का बघताय माझ्याकडे? सोडा ना तो चष्मा हातातून.

इंजिनियरसाहेब, तुम्ही जरा बाहेर बसा. आणि दार ओढून घ्या.