बारा दिवसांचं शिंगरू

(भाईदासची खाट. डॉक्टरांच्या एका हातात त्याचं मनगट, दुसऱ्या हातात खिशातलं घड्याळ. दाराशी त्याची बायको भिकुबाई.)

डॉक्टर : …एकवीस, बावीस… हा ठोका चुकला. तेवीस… आप्पा, जेवत नाही म्हणे?

भाईदास : कसाले जेवू? घरमा मयत व्हयेल शे असं सर्वा हळू बोलतस.

भिकुबाई : तुम्हीनच सांगं ना डागतर, धक्का नको. मी दोधूले सांगं, बापसमोर हसू नको. भजनवाला परत धाडात. जर्मनना लढाईनी बात बी बंद.

डॉक्टर : मन शांत ठेवा म्हटलं होतं, काकू. घर सुनं करा नव्हतं म्हटलं. एकतीस… पुन्हा चुकला.

भाईदास : चार महिना छतना वासा मोजात. बावीस शेतस. मन्ही घोडी मोरनी गाभण व्हती. तिन्हं नाव कोनी काढत नई. मरी गई ना घोडी? खरं सांगा.

भिकुबाई : मरी नई! वावरमा शे. …डागतर, चांगली बात बी धक्काच ना?

डॉक्टर : सांगा. मनगट माझ्या हातात आहे.

भिकुबाई : शिंगरू व्हयनं. बारा दिन व्हयनात.

डॉक्टर : त्रेचाळीस, चव्वेचाळीस… आप्पा, हलू नका!

भाईदास : नर का मादी?

भिकुबाई : नर.

भाईदास : पाय?

भिकुबाई : चारी पांढरा. तोंडवर बी पांढरा पट्टा.

भाईदास : पंचकल्याणी! सोडा हात, डागतर! सारंगखेडानी जत्रामा असं जनावर दहा वरीसमा एक दिसस!

डॉक्टर : सत्तावन्न, अठ्ठावन्न… धावतोय खरा. पण एकही चुकला नाही.

भिकुबाई : काही व्हई तर नई ना त्यासले?

डॉक्टर : भूक लागेल. औषध चालूच ठेवा. पण सकाळी उठून ज्याला काही बघायला जायचं असतं, त्याच्या हृदयाला मोठा आधार असतो. तो माझ्या बाटलीत नाही.

भाईदास : भाकर आण, दोधूनी माय. ठेचा बी. मंग वावरमा.

डॉक्टर : गाडीतून, सावकाश. आणि ठेचा नाही. काकू, आता तुमचा हात द्या.

भिकुबाई : माले काय व्हयनं?

डॉक्टर : बारा दिवस एवढा आनंद दाबून ठेवलात. बघू द्या. एक, दोन…

भाईदास : वावरमा जाईसन एकलीच हसे का व तू?

भिकुबाई : हसू कथाईन येई? तुम्हीन आठे खाटवर पडेल.

डॉक्टर : बोलू नका. सात, आठ…

भाईदास : तुम्हीन मोजा, डागतर. तू हस.