पाऊण तास

— अहो, शिडी सोडू नका भाऊ, एक मिनिट धरा अजून! हां. उतरलो. कॅमेरा गेलेला नाही हो, मी आल्याआल्याच म्हटलं होतं. आधी अ‍ॅडॉप्टर बदलला — काही नाही. वायर तपासली — ठणठणीत. शेवटी कॅमेऱ्यामागचा वायर जोडायचा डबा उघडला तर आत काय? मुंग्या! अख्खं वऱ्हाड उतरलेलं, आणि कनेक्टर गंजून हिरवागार. बदलला. चला केबिनमध्ये, चित्र येतंय का बघू — आलं! मागचं गेट, तुमची खुर्ची, खुर्चीवर तुमचा डबा. बसा हो, साहेब मीटिंगमध्ये आहेत. तुम्हाला किती दिवस झाले इथे? तीन आठवडे? म्हणजे शिट्टीकाकांच्या जागी तुम्हीच. एकोणीस वर्षं होते हो काका ह्या गेटवर. ट्रक मागे घेताना अशी शिट्टी मारायचे की ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर. माझी शिडीही तेच धरायचे — आणि धरताना बडबडायचे, तुमच्यासारखे गप्प नाही बसायचे.

थांबा. किती वाजले तुमच्या घड्याळात? अकरा दहा? माझ्यातही तेच. मग ह्या पडद्यावर दहा पंचवीस कसे? सेल गेला असणार. ह्या रेकॉर्डरच्या पोटात बटणाएवढा एक सेल असतो, लाइट गेली तरी घड्याळ चालू राहावं म्हणून. तो संपला की लाइट जाते तिथे घड्याळ थांबतं आणि लाइट आली की तिथूनच पुढे चालू. काल-परवा गेली होती का लाइट? नाही? तुम्ही आल्यापासून एकदाही नाही? नीट आठवा. — मग ती गेल्या महिन्यातली. ट्रान्सफॉर्मर जळला होता तेव्हाची. पाऊण तास गेली होती. म्हणजे काका असतानाच... अरे देवा.

तुम्हाला काय सांगितलंय, काकांना का काढलं म्हणून? — तेच ना? कार्ड पंच झालेलं सातला, आणि कॅमेऱ्यात काका गेटबाहेर पडताना दिसतात सव्वासहाला. म्हणजे म्हातारा पाऊण तास आधी सटकतो आणि कार्ड दुसऱ्याकडून पंच करून घेतो. झाला पुरावा! आता गंमत बघा — गंमत कसली, कपाळ माझं — त्या दिवशी अख्खी शिफ्टच पाऊण तास आधी बाहेर पडताना दिसली असती. साहेबांची गाडीसुद्धा! पण बघतंय कोण? साहेबांनी बघितलं फक्त काकांचं. काकांनी साहेबांच्या मेहुण्याला गेटपासशिवाय आत सोडलं नव्हतं, तो राग.

मी? मला विचारलं होतं की. साहेबांचा फोन आला, घड्याळ बरोबर आहे ना रे? मी दुसरीकडे शिडीवर, हातात ड्रिल. म्हटलं, बरोबर आहे साहेब. संध्याकाळी तसं लिहूनही दिलं, शिक्का मारून. इथे न येता, न बघता. अहो, घड्याळ कोण बघतं! आणि तो सेल — मागच्या सर्व्हिसलाच बदलायचा होता. बॅगेत नव्हता, म्हटलं पुढच्या वेळी. काकांनी पाच फोन केले मला. चार उचललेच नाहीत. पाचवा उचलला, तर म्हणतात, "बाबा रे, एकदा येऊन ते घड्याळ बघ, मी सातलाच निघालो होतो." मी म्हटलं, उद्या येतो. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं हो. बाबा म्हणाले मला! परवा बाजारात काकू दिसल्या तर मी भाजी न घेता मागे फिरलो. लाज वाटते, खरंच वाटते.

तसं अजून काही बिघडलेलं नाही. घड्याळ असं चुकलेलं आहे तोवर काका खरे आहेत. एक फोटो काढायचा, पडदा आणि शेजारी आपलं मनगट, बस्स. एकदा घड्याळ जुळवलं की ते कधी चुकलं होतं हे ब्रह्मदेवालाही दाखवता यायचं नाही. तुम्ही काढता? काढा ना, फोन हातातच आहे तुमच्या. — का हो? — हां. खरंय. काका परत आले तर तुम्ही कुठे जाणार? पोरीला आत्ता कुठे शाळेत घातलंय म्हणता. नाही नाही, मी कोण तुम्हाला बोलणारा! — माझ्या फोनवर? आहे ना फोन, खिशातच आहे. पण भाऊ, ह्या कंपनीची पाच गोडाऊनं माझ्याकडे आहेत. माझंच लेखी खोटं निघालं तर उद्या मला दारात कोण उभं करेल? आणि काका... काकांचं वय झालंच होतं म्हणा. गुडघे दुखायचे त्यांचे. दुखायचेच, मी बघितलंय. असं काय बघताय? मलाही पोट आहे हो, मी काय —

कोण येतंय? साहेब?

सरका जरा. अकरा... सतरा. ओके. झालं. — काही नाही साहेब, कनेक्टर गंजला होता, बदलला. हो, बाकी सगळं ठीक. — भाऊ, ह्या कागदावर सही करा. वाचताय काय, कनेक्टरचंच आहे. तिथे नाही हो, खाली, 'समक्ष पाहिले' लिहिलंय तिथे. हां. जा आता गेटवर.