शालूवहिनींचा वायरलेस

आमच्या आळीतल्या वसंतभाऊंनी आणि शेजारच्या दोघा बागायतदारांनी जीपमध्ये आणि घरी वायरलेस बसवला, तेव्हाची गंमत सांगते. तिघांचाही चॅनल एकच. एका दुपारी वसंतभाऊंच्या सुनेला कळा सुरू झाल्या. भाऊंच्या बायकोने, शालूवहिनींनी, माईक धरला, "अहो, लवकर घरी या!"

मी म्हटलं, "वहिनी, भाऊंचं नाव घ्या. तिघंही ऐकतायत."

"नवऱ्याचं नाव? सगळ्यांदेखत? काहीतरीच तुमचं!"

ते दोघे शेजारी आपापल्या बायकोच्या काळजीने धावत आले. त्यांच्याच जीपमधून सुनेला दवाखान्यात नेलं. नात झाली. वसंतभाऊ मात्र संध्याकाळी पावस गावाहून निवांत उगवले.

वहिनी कडाडल्या, "वायरलेस ऐकलात नाय?"

"ऐकला गो. पण इतका गोड आवाज! म्हटलं, दुसऱ्याची बायको असेल."