कॅमेऱ्याकडे बघून सूर

मला तापट म्हणता ना, मग हे ऐका. मी प्रशिक्षक असलेल्या खो-खो संघाची कप्तान केतकी. इन्स्टावर तिचं नाव व्हावं म्हणून वडिलांनी एक ब्रँडिंगवाला लावला. निवड चाचणीच्या आदल्या दिवशी मी कर्वेनगरच्या मैदानावर पोचलो, तर हा तिला सांगतोय, "सूर मारताना कॅमेऱ्याकडे बघ, चेहरा दिसला पाहिजे."

मी ओरडेपर्यंत तिने सूर मारला. मान वळलेली, खांद्यावर पडली. खांदा निखळला. ती कळवळतेय आणि हा शूट करतोच आहे.

"अहो, बंद करा ते."

"सर, हेच तर चालतं. दुखापत, मग कमबॅक."

मी त्याच्या हातातला मोबाइल घेतला आणि त्याच्यावरच रोखला. म्हटलं, "आता आपण मारा सूर. आणि बघा कॅमेऱ्याकडेच."