चॅपलच्या बॉयलरचा नळ

इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर चॅपलला, म्हणजे तिथल्या छोट्या चर्चला, जाणारे क्लिफर्ड आणि त्याची बायको ईनिड बसले होते.

“चॅपलचा चहाचा बॉयलर नेऊन घरी बिअर केलीस? अरे, तिथे सगळ्यांनी दारू न पिण्याची शपथ घेतलीय!”

“साफ करून परत ठेवला ना! लिंबूसत्त्व घालून उकळला, घासला, विसळला.”

“आणि नळ?”

“नळाचं काय?”

“खोलून धुतलास?”

“नळ खोलतात?”

“तरीच! कालच्या चहात हिरव्या पाकळ्या तरंगत होत्या.”

“हॉपची फुलं ती, बिअरला कडवटपणा आणतात. पण आत जाळी होती गं! नळात शिरली कशी?”

“मला काय विचारतोस? कप माझ्याच हातून गेले सगळ्यांना.”

“पाद्रीबाबांनाही?”

“पहिला त्यांनाच.”

“थुंकले?”

“डोळे मिटून बसून राहिले.”

“मेलो! आजच जाऊन पाया पडतो.”

“आधी ऐक. मग त्यांनी आणखी दोन कप घेतले. पुढच्या रविवारी अगदी असाच चहा हवाय म्हणाले.”

“असाच? मग आता काय करायचं?”

“बॉयलर घरी आण.”

“धुवायला?”

“बिअर करायला! आणि खबरदार, नळ धुतलास तर.”