चतुर्दशीचा पंप

निपाणी स्टँडवर बेळगावच्या बसच्या रांगेत माझ्या पुढं दोघं उभे होते. धाकट्याच्या काखेत पांढऱ्या पाइपांची मोळी.

"काय रं अभिनंदन, माशांच्या भिंतीएवढ्या टँकचं पाइप काढलंस व्हय रं?"

"विकाय चाललोय, आप्पा. मासं, कोरल, सगळं मेलं."

"खारं पाणी बिघडलं?"

"पाणी बेस होतं. एक जोडसुद्धा गळत न्हवता. मी चिकोडीला लग्नाला गेलतो, तवर दिवसभर पंप बंद. पाणी फिरायचं थांबलं की जीव गुदमरत्यात."

"करंट गेलता?"

"आईनं बटण बंद केलं. चतुर्दशीचा उपास होता तिचा. पाण्यातलं बारीक जीव पाइपात ओढलं जात्यात, आज तरी हिंसा नको, म्हणून."

"अरं अरं! मग मेलं कशानं, ते सांगितलंस तिला?"

"कोणत्या तोंडानं सांगू? करंट गेलता म्हणालो."

"पटलं?"

"तवापासनं जेवली न्हाय. सकाळी ताट घेऊन गेलो, तर म्हणाली, 'अभ्या, त्या दिवशी मी दिवसभर पंख्याखालीच बसलते रं.'"